एका कुत्र्याचा जमाखर्च

आमच्या घरात कुत्रा आणावा की आणू नये, याविषयी मतभेद झाला नाही. मतभेद झाला तो कोणता आणावा याविषयी. आणि तो इतका वाढला की घरात उघड उघड दोन पक्ष पडले. चिरंजीव ग्रेट डेनच्या बाजूचे. वय वर्षे सतरा. या वयात जे जे मोठे ते ते चांगले वाटते. कन्या अल्सेशियनच्या बाजूची. ती त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, त्यामुळे वादविवादात त्याच्या पुष्कळच पुढे. सौभाग्यवतींनी "खर्च किती येईल ते आधी सांगा," एवढेच बोलून तटस्थता पत्करली. आणि आईने, "स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नसेल तर हत्ती आणा," असा निकाल देऊन जपाची माळ पुन्हा हातात घेतली.

दोन्ही पक्षांची पंच म्हणून माझ्यावर एकमताने नजर गेली. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. कुत्र्यांतले मला काही कळत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सर्वमान्य आहे आणि तीच माझी मुख्य पात्रता ठरली. मी एक कोरी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डाव्या रकान्यावर 'ग्रेट डेन' आणि उजव्या रकान्यावर 'अल्सेशियन' असे लिहिले, आणि भाषेच्या शिक्षकाला साजेल अशा रीतीने पहिल्या नोंदीलाच अडलो. दोन्ही नावे खोटी निघाली!

ग्रेट डेनचा डेन्मार्कशी काही संबंध नाही. रानडुकरांच्या शिकारीसाठी जर्मन सरदारांनी पोसलेली ही जात. जर्मन लोक त्याला 'डॉयचे डोगे', म्हणजे जर्मन डोग, असेच म्हणतात. अठराव्या शतकात बुफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याला 'मोठा डॅनिश कुत्रा' म्हटले आणि इंग्रजांनी ते नाव उचलले. अल्सेशियनची कथा याच्या नेमकी उलट. मॅक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ साली एका प्रदर्शनात मेंढ्या राखणारा एक कुत्रा पाहिला, जागच्या जागी विकत घेतला आणि त्याच्यापासून जर्मन शेफर्डची जात बांधली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात 'जर्मन' हा शब्द कुणाला नकोसा झाला, तेव्हा कुत्र्याचे गोत्र बदलून त्याला फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतात दत्तक देण्यात आले. इंग्रजांच्या केनेल क्लबाने त्याचे मूळ नाव परत केले ते १९७७ साली. आपल्याकडे मात्र साहेबाबरोबर आलेले नाव साहेब गेल्यावरही राहिले. आमची आई अजून 'अलशेशन' म्हणते आणि तिचे बरोबर आहे. भाषेत रूढी बलवान असते.

नावांचा घोळ मिटवून मी अन्नाकडे वळलो. इथे चिरंजीवांचा पक्ष सुरुवातीलाच कोसळेल असा कन्येचा होरा होता. ग्रेट डेनचे वजन साधारण साठ किलो, अल्सेशियनचे बत्तीस. म्हणजे खुराक दुप्पट, खर्च दुप्पट, विषय संपला. पण निसर्गाचे गणित इतके सरळ नसते. माक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले की, प्राण्याचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात त्याची भूक वाढत नाही. ती मागे मागे राहते. त्या नियमाने हिशेब केला तर बत्तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे पंधराशे कॅलरी लागतात आणि साठ किलोच्या कुत्र्याला सुमारे चोवीसशे. वजन जवळजवळ दुप्पट, पण भूक दीडपटीच्या थोडी पुढे. हे ऐकून चिरंजीव खुलले. हा नियम आपणच शोधून काढला आहे, असा त्यांचा चेहरा झाला.

पण दीडपट भूक हीसुद्धा काही थट्टा नव्हे. संत नामदेवांची कोरडी भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो कुत्रा पंढरपूरचा गावठी होता म्हणून वाटीवर भागले. ग्रेट डेन असता तर नामदेवांना घागर घेऊन धावावे लागले असते.

कोरड्या खाद्याचा भाव किलोला चारशे रुपये धरला, तर अल्सेशियनला महिन्याला साडेबारा किलो, म्हणजे पाच हजार रुपये. ग्रेट डेनला वीस किलो, म्हणजे आठ हजार. घरचा भात, अंडी, कोंबडीचे मांस असा बेत ठेवला तर आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, पण दोघांमधले प्रमाण तेच राहील. वर्षाला एकाचे साठ हजार, दुसऱ्याचे शहाण्णव हजार. सौभाग्यवतींनी दोन्ही आकडे दोनदा वाचले आणि काही न बोलता आत गेल्या. आतून डबे जरा मोठ्याने ठेवल्याचा आवाज आला.

बाकीचा खर्च किलोवर चालतो. लस तेवढी लोकशाहीवादी आहे. रेबीजची असो वा पार्व्होची, लहान-मोठ्या प्रत्येक कुत्र्याला मात्रा एकच. पण जंताच्या गोळ्या दर दहा किलोंना एक. एकाला तीन तर दुसऱ्याला सहा. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड होतात आणि त्यांच्यापासून येणारा ताप कुत्र्यांचा जीव घेतो, म्हणून गोचिडांचे औषधही चुकत नाही. त्याची खोकी वजनाच्या पायऱ्यांनी मिळतात, आणि ग्रेट डेन बहुधा शेवटच्या पायरीच्याही वर उभा असतो. भुलीचे इंजेक्शन वजनावर, प्रतिजैविके वजनावर. अंथरूणसुद्धा वजनावर! साठ किलोंचा देह शहाबादी फरशीवर टेकला की कोपरांना घट्टे पडतात, म्हणून त्याला जाड गादी हवी. अल्सेशियनला गादीचे कौतुक नाही. त्याचा खर्च निराळा. त्याचे केस आपल्या हवेत बाराही महिने गळतात. ते आमटीत सापडले तर काय करायचे, या प्रश्नावर आईने माळ थांबवून माझ्याकडे पाहिले. मी घाईघाईने ग्रेट डेनच्या लाळेची नोंद केली. ती म्हणे भिंतीवर माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर उडते.

येथवर हे सारे मजेत चालले होते. मग आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांकडे गेलो आणि वहीचे रूप पालटले.

डॉक्टर मितभाषी. त्यांनी विचारले, "कुत्रा किती वर्षं जगावा असं वाटतं तुम्हाला?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे! ते म्हणाले, "सर, हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो. पण कुत्र्यांत उलटं आहे. जितका मोठा, तितका लवकर म्हातारा होतो." जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या कितीतरी जातींच्या नोंदी तपासून असे मांडले की, दर दोन किलो वजनामागे आयुष्य सुमारे एका महिन्याने घटते. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते ते अर्ध्या-पाऊण किलोचे आणि वर्ष-दीड वर्षात पन्नास किलोंच्या पुढे जाते. इतक्या घाईने वाढलेल्या शरीराला त्या घाईचे मोल द्यावे लागते. हृदयाचे स्नायू ताणून पातळ होतात, मानेचे मणके मज्जारज्जूवर दाब आणतात, पायाच्या लांब हाडांत कर्करोग होतो. आपल्याकडे पिल्लू थोराड व्हावे म्हणून दुधात कॅल्शियम घालायची हौस असते. नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत दिसून आले की, जादा कॅल्शियमने हाडे बळकट होत नाहीत, उलट वेडीवाकडी होतात. कारण पिल्लाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम नाकारता येत नाही. प्रेमाने पाजलेली बाटली अशी अंगाशी येते.

"पण डेनचा खरा वैरी त्याचं पोट," डॉक्टर म्हणाले. ज्यांची छाती खोल आणि अरुंद, अशा मोठ्या कुत्र्यांचे जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पिरगळते. वाट दोन्हीकडून बंद, रक्तपुरवठा बंद. कुत्रा अस्वस्थ फिरतो, ओकारी काढतो, पण बाहेर काही पडत नाही. तेथून पुढे हाताशी काही तासच असतात. या रोगात ग्रेट डेनचा नंबर अगदी वर लागतो. अल्सेशियनलाही तो होतो, पण बराच कमी. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी बांधून घेतले, तर पिरगळण्याचा धोका पुष्कळच टळतो. दिवसाचे अन्न दोन-तीन वेळांत विभागावे, खाल्ल्यावर पळवू नये. मी लिहून घेत होतो. डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "आणि रात्री दोन वाजता ऑपरेशन करणारा डॉक्टर किती अंतरावर आहे, ते आधी पाहून ठेवावं."

हे वाक्य लिहिताना मला माझ्या मेहुण्यांचा राजा आठवला. मेहुणे साताऱ्याला असतात. मोठे अंगण, त्यात ग्रेट डेन, आणि त्याच्या धाकाने पोस्टमनने पत्रे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ठेवायची, असा थाट. स्वभावाने मात्र राजा गोगलगाय. घरातली मांजर त्याच्या पाठीवर झोपे. सहाव्या वर्षी एका रात्री जेवणानंतर तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. अकराला ओकाऱ्या काढू लागला. साडेबाराला मेहुण्यांनी आणि शेजाऱ्याने त्याला चादरीत घालून मोटारीत चढवले आणि पुण्याचा रस्ता धरला. खंबाटकीच्या अलीकडेच तो गेला. मेहुणे पहाटे आमच्या दारात आले, ते एवढेच म्हणाले, "दाजी, शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता हो. मला वाटलं, अजीर्ण झालंय." पन्नाशी उलटलेला तो दणकट माणूस आमच्या ओट्याशी उभा राहून लहान मुलासारखा रडला. आईने त्यांना चहा दिला आणि पाठीवर हात ठेवला.

मग उजवा रकाना निर्धोक असेल असे कुणाला वाटेल. तसे नाही. अल्सेशियनचा वैरी मागच्या पायांत असतो. खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसत नाही. वय वाढले की तो झिजतो, दुखतो. अमेरिकेत १९६६ पासून कुत्र्यांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे तपासून नोंद ठेवणारी एक संस्था आहे. तिच्या नोंदींत या जातीच्या पाच कुत्र्यांमागे सुमारे एकाचा खुबा सदोष निघतो. आई-बापांची चित्रे दोन वर्षांचे झाल्यावर काढून, चांगले खुबे असलेल्यांचीच जोडी लावली, तर धोका कमी होतो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी घालावी, कुत्रा लठ्ठ होऊ देऊ नये. काही अल्सेशियनांचे स्वादुपिंड पाचक रसच करीनासे होते. कुत्रा ताटभर खातो आणि तरी उपाशी राहून वाळत जातो. मग जन्मभर प्रत्येक घासाबरोबर औषधाची पूड. आणि तिसरा रोग मज्जारज्जूचा. २००९ साली त्यामागचा जनुकातला दोष सापडला. माणसाचे स्नायू हळूहळू लुळे करणारा जो एक असाध्य रोग आहे, त्यातल्या काही रोग्यांत याच जनुकात दोष आढळतो. या रोगावर औषध नाही. मात्र रक्ताच्या चाचणीने आई-बाप निवडता येतात.

हा तिसरा रोग मी पाहिला आहे. आमच्या शेजारच्या इमारतीत भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांचा शेरू दहा वर्षांचा झाला, तेव्हा त्यांच्या पत्नीला प्रथम आवाज ऐकू आला. चालताना मागची नखे फरशीवर घासल्याचा. मग पाय एकमेकांत अडकू लागले. मग मागचा अर्धा देह जणू दुसऱ्याच कुणाचा झाला. या दुखण्यात वेदना नसतात. शेरू मागे वळून आपल्याच पायांकडे बुचकळ्यात पडल्यासारखा पाही. रोज सकाळ-संध्याकाळ प्राध्यापक पुढून पट्टा धरीत, बाई पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार उचलीत, आणि अशी ती तिघांची मिरवणूक जिना उतरून कण्हेरीच्या झाडापर्यंत जाई. दोघांचीही सत्तरी उलटलेली. सात-आठ महिने हे चालले. एकदा मी मदतीला गेलो, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. त्याला आमचीच सवय आहे."

मी घरी येऊन वही उघडली. आता फक्त बेरीज उरली होती. ग्रेट डेन सरासरी आठ वर्षे जगेल असे धरले, अल्सेशियन अकरा. शहाण्णव हजार गुणिले आठ, सात लाख अडुसष्ट हजार. साठ हजार गुणिले अकरा, सहा लाख साठ हजार. जन्मभराचा फरक एक लाख आठ हजारांचा. वार्षिक खर्चात दीडपटीहून अधिक महाग असलेला कुत्रा आयुष्याच्या बेरजेत जेमतेम सहाव्या हिश्शाने महाग! चिरंजीवांनी टाळी वाजवली. "बघ बाबा, फारसा फरक नाहीच!"

कन्या गप्प होती. तिने वही ओढून घेतली आणि विचारले, "बाबा, मामाचा राजा सहा वर्षांचा होता ना?" तिने पेन्सिलीने मांडले. शहाण्णव गुणिले सहा, पाच लाख शहात्तर हजार. मग वर पाहून म्हणाली, "म्हणजे राजा अल्सेशियनपेक्षा स्वस्त पडला."

खोलीत कुणी काही बोलले नाही. चिरंजीवांच्या मोबाइलवर कितीतरी दिवस एक चित्र होते. अमेरिकेतल्या मिशिगनचा झ्यूस नावाचा ग्रेट डेन, खांद्यापाशी चव्वेचाळीस इंच उंच, गिनेसच्या पुस्तकात जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून नोंदलेला. तो २०१४ साली गेला. सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. हे चिरंजीवांना ठाऊक होते. त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते, इतकेच. त्या रात्री त्यांनी होऊन सांगितले.

मी आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगत आलो. पण जमाखर्च या शब्दाचा अर्थ त्या पेन्सिलीच्या आकड्यांनी मला सांगितला. ज्या वहीत फक्त खर्चच लिहिला जातो, त्या वहीत लवकर मरणे ही बचत ठरते. राजाची न जगलेली वर्षे तिथे शिल्लक म्हणून दिसतात. शेरूचे ते टॉवेलाचे सात-आठ महिने तिथे तोटा म्हणून पडतात. त्या तोट्याविषयी बाईंना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, ते मला त्या "राहू द्या" मध्ये कळलेच होते. कुत्र्याची किंमत खाद्याच्या पोत्यावरून काढता येते. पण कुत्रा पाळणे म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या शेवटाला आधीच होकार देणे आहे. ग्रेट डेनचा शेवट बहुधा एका रात्रीत येतो. तेव्हा वेग हवा, पैसा हवा, डॉक्टर जवळ हवा. अल्सेशियनचा शेवट बहुधा जिन्यावरून येतो. तेव्हा हात हवेत, धीर हवा, वेळ हवा. आपल्या घरात यांपैकी काय आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. उत्तम जात कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, वीज गेली की ती चालत नाही. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, सौभाग्यवतींची कंबर अधूनमधून धरते, मुले चार-पाच वर्षांत शिकायला बाहेर जातील. मी ही सारी परिस्थिती मुद्देसूद मांडू लागलो. तासिका संपत आली की विद्यार्थी जसे घड्याळाकडे पाहतात, तशी मंडळी भिंतीकडे पाहू लागली. शेवटी आईने माळ खाली ठेवली.

"ज्याला उचलता येईल, तो आणा," ती म्हणाली. "पुढे सगळ्यांनाच उचलायची वेळ येते."

यावर मतदान घेण्याची जरुरी उरली नाही. चिरंजीवांनी पराभव सभ्यपणे स्वीकारला आणि लगेच अल्सेशियनच्या आई-बापांच्या खुब्यांची चित्रे कशी वाचावी याचा अभ्यास सुरू केला. आता त्या विषयात ते कन्येलाही बोलू देत नाहीत. पिल्ले विकणारे दोघे-तिघे भेटले. वंशावळीचा कागद सगळ्यांनी मोठ्या अभिमानाने दाखवला. क्ष-किरण चित्र मागितल्यावर एकाने आम्हाला पाणी विचारले आणि दुसऱ्याने दार. वंशावळ म्हणजे कुळाची माहिती, प्रकृतीची नव्हे, हे लग्ने जुळवणाऱ्या आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. शेवटी एक गृहस्थ असे भेटले की ज्यांनी न मागता दोन्ही चित्रे आणि रक्ताच्या चाचणीचा कागद पुढे ठेवला. त्यांच्याकडची पिल्ले अजून जन्मायची आहेत. संक्रांतीच्या सुमारास येतील म्हणतात.

ग्रेट डेन आणला असता तर खाद्यावर महिन्याला तीन हजार रुपये अधिक लागले असते. सौभाग्यवतींनी तेवढ्याच रकमेचे आवर्ती ठेवीचे खाते बँकेत उघडले आहे. खुबा असो, पूड असो की टॉवेल असो, ते पैसे त्याच्या उतारवयाला. खात्यावर नाव माझे असले तरी पासबुकाच्या वेष्टनावर कन्येने पंजा काढला आहे. आमच्या घराण्यात कुणाच्या म्हातारपणाची तरतूद त्याच्या जन्माआधी झाल्याचे हे पहिलेच उदाहरण.